अपूर्णांकाने काढलेली चतुर्थी

चहाचा कप आधी खाली ठेवा. हे ऐकताना ठसका लागलेली माणसं मला माहीत आहेत. गणपतीला महिनाभर आधीच घरी बोलावणारा माणूस पाहिलाय कधी? नाही? मग बघून घ्या, समोरच बसलाय!

नव्वदीची सुरुवात होती. मी मँचेस्टरला नंबर थिअरीत पीएचडी करत होतो. विषय कंटिन्यूड फ्रॅक्शन्स. म्हणजे एखादा वेडावाकडा आकडा घ्यायचा आणि त्याच्या जवळात जवळचा सुटसुटीत अपूर्णांक शोधायचा. शाळेत 'पाय'साठी बावीस सप्तमांश वापरायचो ना, तसलेच, पण पद्धतशीर. यावर माणसं वर्षंच्या वर्षं काढतात, खरंच!

रविवारी जेवायला मी सानेकाकांकडे असायचो. काका तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. दर चतुर्थीला नेमके ऑन कॉल. इंग्लंडात आल्यापासून घरच्या गणपतीची पूजा त्यांच्या हातून एकदाही झाली नव्हती. या वर्षी मात्र त्यांनी हट्टच धरला.

"मला फक्त तारीख सांगा, मी ड्यूटी स्वॉप करतो."

पण पुण्याहून येणारं कॅलेंडर पोस्टात गहाळ झालेलं. काकू म्हणाल्या, "सासूबाईंनाच फोन करून विचारते."

"फोन कशाला, काकू? मी आहे ना!"

झालं! पेपर नॅपकिनवर मी सुरू. वर्षात चांद्रमहिने बारा आणि वर थोडं. त्या 'थोडं'सकट माझ्या पद्धतीने अपूर्णांक काढला, सदतीस छेद तीन. म्हणजे तीन वर्षांत सदतीस महिने. तीन वर्षांपूर्वीची चतुर्थी मला पक्की आठवत होती, कारण मँचेस्टरमधला माझा पहिला मोदक त्या दिवशीचा. त्यात सदतीस महिने मिळवले. उत्तर आलं, ऑगस्टमधला शनिवार.

"नक्की ना रे नितीन?" काका म्हणाले. "आमच्या डॉक्टर मॅक्लॉडशी स्वॉप करायचंय. त्याचा फिशिंगचा वीकेंड जाणार. त्याला परत परत नाही विचारता येणार."

"काका, दोन-तीन दिवसांची चूक असते यात, पण तीसुद्धा मी धरलीय!"

मूर्ती आणायला मी लेस्टरला गेलो. बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानात नवा माल अजून यायचाच होता. गेल्या वर्षीची एक उरलेली मूर्ती मिळाली. शंका यावी की नाही? छे! गर्दीच्या आधी पोचलो म्हणून मी खूश! ट्रेनमध्ये मूर्ती मांडीवर घेऊन ऐटीत परत आलो.

शनिवार उजाडला. काका सोवळं नेसून पाटावर बसलेले, चेहरा नुसता फुललेला. हॉलभर पाहुणे, आत मोदक वाफवून तयार. प्राणप्रतिष्ठेचं काहीतरी विचारायला काकूंनी पुण्याला सासूबाईंना फोन लावला.

आजींचा आवाज रिसीव्हरमधून सगळ्या हॉलला ऐकू आला. "गणपती? आज? अगं, अधिक भाद्रपद चाललाय! धोंड्याच्या महिन्यात कुणी गणपती बसवतं का? आपला गणपती पुढच्या महिन्यात!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"त्याचं काय आहे," मी घसा खाकरला, "अपूर्णांक सरासरी सांगतो. तीन वर्षांत एक अधिक महिना मी धरला होता. या वेळी दोन आले, आणि दुसरा नेमका भाद्रपदाच्याच..."

"नितीन," काकू म्हणाल्या, "मोदक खा."

मूर्ती परत खोक्यात गेली. काका पाटावरून उठले आणि सोवळं बदलायला वर गेले. ते मात्र मला फार लागलं. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी त्यांना पुन्हा मॅक्लॉडपुढे उभं राहायचं होतं. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

"मिळाली चतुर्थी," काका म्हणाले.

"काय सांगता! तो भडकला नाही?"

"भडकला ना! म्हणाला, सेम गॉड, दोन महिन्यांत दोन बर्थडे? नो वे. मग मी त्याला सांगितलं, तारीख आमच्याकडे जेवायला येणाऱ्या मॅथ्सच्या पीएचडीवाल्याने काढली होती."

"मग?"

"मग एकदम विरघळला. म्हणाला, यू पुअर मॅन! लगेच ड्यूटी बदलून दिली." काकांनी चष्मा पुसला. "आणि विचारत होता, त्याला तुम्ही अजून जेवायला घालता?"