काकांनी पुन्हा बांधलेली घरं

दुपारची जेवणाची सुट्टी संपवून टेबलाशी येऊन बसलो आणि सुनंदाचा फोन आला. "मामा गेले," एवढंच ती म्हणाली. मामा म्हणजे तिचे सासरे, आमचे यशवंतकाका. ईटला, आमच्या गावी, माझ्या वडिलांच्या दवाखान्यात त्यांनी कंपाउंडर म्हणून सारा जन्म काढला. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी धाराशिवला जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळतो. फोन ठेवला आणि बराच वेळ समोरच्या टपालाकडं बघत राहिलो. रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो सांगायलाही लाज वाटते... आता ते कागद कोण लावणार? दोन महिने झाले, तो विचार अजून टोचतो.

दादा, म्हणजे माझे वडील, गेले तरी दवाखान्याच्या खोलीची किल्ली काकांकडंच राहिली. आत रोग्यांचे कागद होते, छतापर्यंत. दादांची रीत निराळी होती. ते कागद माणसाच्या नावानं ठेवत नसत, घरानं ठेवत. आजीचा दमा, सुनेची बाळंतपणं, नातवाचा गोवर, सगळं एका गठ्ठ्यात. "एकाला खरूज झाली की घरातल्या सगळ्यांची बोटं बघावी लागतात," असं ते म्हणत. गठ्ठा बँडेजच्या कापडाच्या पट्टीनं बांधलेला असे आणि पट्टीवर काकांच्या अक्षरात घराची खूण : 'विहिरीपलीकडचे', 'माळावरची वस्ती, दुसरं घर'. आतल्या कागदावर मात्र नुसतं 'सखूबाई, ३५, ताप'. वय दादा अंदाजानंच टाकत. ही सखूबाई कुणाची, हे सांगायला पट्टी होतीच.

पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जुन्या डॉक्टरांची खाजगी कागदपत्रं जपून ठेवतात. खेड्यातल्या डॉक्टरानं लिहिलेलं त्यांच्याकडं फार थोडं होतं. तिथल्या बाईंचं पत्र आलं : कागद बघायला यायचं आहे, रोग्यांची नावं आम्ही उघड करत नाही, निश्चिंत असा. मला फार अभिमान वाटला. बाई यायच्या आत सगळं नीटनेटकं करावं म्हणून दोन दिवसांची रजा टाकून मी ईटला गेलो. काका लेकीकडं नळदुर्गला गेले होते. त्यांना विचारावं असं वाटलंच नाही. कागद म्हटलं की तारीख, एवढंच मला नोकरीनं शिकवलेलं. मी सगळे गठ्ठे सोडले, कागद वर्षवार लावले, नव्या फायलींत घातले, वर टाइप केलेली लेबलं चिकटवली. मळकट पट्ट्यांचा बोळा करून पाणी तापवायच्या बंबात सारला. त्या दिवशी त्या पाण्यानं मी मजेत अंघोळ केली.

बाई आल्या तेव्हा काकाही परतले होते. बाईंनी दोन-तीन फायली उघडल्या, मागंपुढं बघितलं आणि विचारलं, "डॉक्टरांनी हे असंच लावलेलं होतं? आम्हाला त्यांचीच मांडणी हवी असते. ती बदलली की कागदांचं निम्मं बोलणं बंद होतं." माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, असंच होतं." काका दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं.

बाईंची गाडी गेल्यावर ते आत आले. एक फाईल उघडून कागद चाळले. "भाऊ," ते म्हणाले, "ह्यात अकरा सखूबाई हायती. आता ह्या कुठं जातील?"

मी ती फाईल त्यांच्या हातातून घेतली.

"घरं मोडली की वो तुमी. आन् बाईला खोटं कामून सांगितलं?"

"लाज वाटली, काका."

"लाज वाटली तर वाटू द्यायची. तिला काय औषध लागतंय व्हय!" मग म्हणाले, "रविवारी येत जावा. मला आठवतंय तवर लावू. लावून झालं की बाईला फोन करून खरं सांगा. तुमीच."

मग ते रविवार सुरू झाले. आज मागं वळून बघताना ते मी जगलो की पाण्याखालून बघितले, हेच कळत नाही. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी आत यायची, धूळ त्यात तरंगत राहायची, रिकाम्या बाटल्यांना अजून खोकल्याच्या लाल औषधाचा गोड वास असायचा. मी कागद वाचायचो. काका डोळे मिटून ऐकायचे. "सखूबाई, ३५, ताप. लोहाच्या गोळ्या बंद." त्यांचा अंगठा बोटांवर हळूहळू फिरायचा, जणू बाटलीवर मात्रेच्या खुणेची कागदी पट्टी चिकटवतायत. "गोळी पचत न्हाय ती... म्हंजी लिंबाच्या मळ्यातली. लई तोंडाळ. ताप उतरला तरी यायची, डॉक्टरांशी भांडायला. दारात बाभळीचा ढीग असायचा, त्यातनं वाट." आणि ते घर खरोखर उभं राहायचं. ढीग, वाट, दारातली बाई, सायकलच्या दांडीला पिशवी अडकवून उतरणारे दादा... मी इतक्या वर्षांत वडिलांना एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. एखाद्या दुपारी तर वाटायचं, आम्ही दोघंच बाहेर राहिलोय, बाकी सगळा गाव या खोलीत झोपलाय आणि काका एकेकाला हळूच हाक मारतायत.

घर पुरं झालं की काका स्वतःच्या जुन्या धोतराची पट्टी फाडायचे. एका गठ्ठ्यापाशी हात थांबला त्यांचा. "ह्या घरी मला पाणी वरनं वतायचे," ते सहज बोलले. "म्हातारी तर लांबनं बोलायची. पर शेवटी अंथरुणात होती तवा औषध माझ्याच हातनं घ्यायची. सुनंच्या हातनं न्हाय." मी म्हणालो, "हे घर राहू द्या काका, सगळी लावलीच पाहिजेत असं नाही." ते माझ्याकडं बघून हसले. "दमा तिचा खरा हुता ना, भाऊ? मग?" आणि त्यांनी पट्टी बांधली, त्यावर नीट अक्षरात खूण लिहिली.

निम्म्याहून अधिक घरं लागली. आणि मग मी जायचं बंद केलं. फोन करून ते विचारायचे, "येताव का रविवारी?" मी म्हणायचो, लग्न आहे, पाहुणे आहेत, पुढच्या रविवारी नक्की. एकही लग्न नव्हतं. घरं लागत आली तसा बाईंना फोन करायचा दिवस जवळ येत होता, आणि मला तो दिवस नको होता. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. काकांनी ओळखलं असणार. शेवटच्या फोनवर म्हणाले, "बरं, बरं... सवडीनं या. मी हाय की."

काकांना श्रद्धांजली वाहायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं, बंबासकट. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बांधलेले गठ्ठे तसेच पाठवा. उरलेले सुटे पाठवा. आणि हे असं का आहे ते एका कागदावर लिहून द्या. तो कागदही आम्ही त्यांच्यासोबतच ठेवतो." लिहायला बसलो. पहिल्या खेपेला 'काळाच्या ओघात मूळ मांडणी बिघडली' असं लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं : मांडणी मी मोडली. यशवंतकाकांनी जेवढी पुन्हा बांधली, तेवढी धोतराच्या पट्टीत आहे.

खोके भरायला सुनंदा मदतीला आली होती. तिनं विचारलं, "यात आमचं घर कोणतं?" बांधलेल्या गठ्ठ्यांत ते कुठंच नव्हतं. मी चकित झालो. ती म्हणाली, "मामा म्हणायचे, आपलं शेवटी बघू, ते काय पळून जातंय!" तिच्या सासूबाई ती लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या. त्यांचं नाव सोजर, एवढंच तिला ठाऊक. तिचा नवरा आणि नळदुर्गची नणंद तेव्हा अगदी लहान, त्यांनाही आईचा आजार सांगता आला नाही. आम्ही सुट्या कागदांत शोधायला बसलो, संध्याकाळपर्यंत शोधलं. पाच सोजरबाई निघाल्या. एकीला कावीळ, एकीला अंगावरून जायचं, दोघींना ताप, एकीच्या पुढं दादांनी काहीच लिहिलेलं नाही. सुनंदा एकेक कागद उजेडाला धरून बघत होती. अक्षरात माणूस दिसेल अशी आशा असावी... "यातल्या आमच्या कोणत्या?" तिनं पुन्हा विचारलं.

ते सांगणारा एकच माणूस होता, आणि मी त्याला पुढच्या रविवारचा वायदा केला होता.

पाचही कागद एकत्र ठेवून सुनंदानं काकांच्या धोतराची पट्टी फाडून दिली. मी गाठ मारली, पेन उघडलं. बाकीचे सगळे खोके पुण्याला गेले. हा एक गठ्ठा अजून दवाखान्यातच आहे, खिडकीत, उन्हाच्या वाटेवर. पट्टी कोरी आहे. मी रविवारी जातो, दार उघडतो आणि नुसता बसून राहतो.