हिरवा जॅस्पर

आमचा प्रबुद्ध जन्मात कधी दगडांच्या वाटेला गेला नसता. त्याला बोटीवर जायचं होतं. बारावीनंतर मर्चंट नेव्हीच्या मेडिकलला मीच त्याच्यासोबत गेले होते. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पानं पुढे धरली, त्यातले आकडे वाच म्हणाले, आणि आमच्या साहेबांना एकही आकडा दिसेना. लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसतात हे त्या दिवशी कळलं. "ताई, कुणाला बोलू नकोस," एवढंच म्हणाला.

मग अंधेरीच्या एका कॉलेजात जिऑलॉजीच्या जागा रिकाम्या होत्या, तिथे घुसला. असल्फ्याच्या टेकडीवर आमचं आयुष्य गेलं, पायाखाली दगडच दगड, तरी घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हा मात्र रमला.

अडचण एकच. प्रॅक्टिकलला खनिजाचा तुकडा हातात देतात, त्यात पहिला प्रश्न रंगाचा. पठ्ठ्याने तोड काढली. ट्रेमधले तुकडे वर्षानुवर्षं तेच. कोपरा उडालेला तो जॅस्पर, म्हणजे लाल. मधोमध चीर गेलेला तो सर्पेंटाइन, म्हणजे हिरवा. सगळा ट्रे त्याने असा पाठ केला. वर्गातली बाकीची पोरंही तेच करायची, पण आळसाने.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या जान्हवी मॅडमना या पाठांतराचा सुगावा लागला आणि परीक्षेच्या तोंडावर त्यांनी अख्खा ट्रे बदलला. वाट लागली. प्रबुद्धने भर वर्गात लालभडक जॅस्पर हिरवा सांगितला. नितेश ओरडला, "प्रब्या, सिग्नलला गाडी चालवू नको रे!" सगळे खो खो हसले. घरी येऊन हा म्हणतो, "ताई, कॉलेज सोडतोय. नेव्हीने घेतलं नाही, आता हेही काढतील. त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं ना."

मी डोक्याची गरम. साकीनाक्याच्या कारखान्यात अर्धी सुट्टी टाकली आणि भांडायच्याच तयारीने मॅडमसमोर उभी राहिले. "माझ्या भावाला लाल-हिरवा कळत नाही. काढणार का त्याला?"

मॅडमनी आधी मला खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, "अहो, रंगावर जाऊ नका, हे मी पहिल्याच तासाला सांगते. क्वार्ट्झ पांढरा असतो, गुलाबी असतो, जांभळाही असतो. नुसत्या रंगाने ओळखणारा फसतोच. पण मला बोलला का नाही तो?"

"लाजतो, मॅडम."

"मग मीही काही बोलत नाही. बोलेल त्याचा तो."

पुढच्या प्रॅक्टिकलला त्यांनी सगळ्या वर्गाला डोळ्यांवर रुमाल बांधायला लावले. दगड हाताने ओळखायचे. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम. साबणासारखा बुळबुळीत तो टाल्क. जिभेला चिकटलं तर केओलिन, म्हणजे चिनी माती. नितेशने तर केओलिन समजून फळ्याचा खडूच चाटला. प्रबुद्ध मात्र एकामागून एक नावं सांगत सुटला. त्यानंतर कॉलेज सोडायचा विषय त्याने काढला नाही, पण रंगाबद्दलही कुणाकडे चकार शब्द नाही.

परीक्षेला बाहेरचे सर आले. पुढचं मला मॅडमनी फोनवर सांगितलं. सरांनी प्रबुद्धच्या हातात एक खडा दिला आणि म्हणाले, "आधी रंग सांग." याने खडा टेबलावर ठेवला. मॅडमना वाटलं, उठून जातोय आता.

"सर, मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. बाकी सगळं सांगतो."

अख्खा वर्ग ऐकत होता. मग त्याने खड्याने काचेवर ओरखडा ओढला, खडा तळहातावर तोलला, त्याच्या बाजू बोटांनी चाचपल्या आणि म्हणाला, "गार्नेट."

"बरोबर," सर म्हणाले. "आणि माहितीसाठी सांगतो, लाल आहे."

"थँक यू, सर."

मी कारखान्याच्या जिन्यातच रडायला लागले. मॅडमना सगळं ठाऊक होतं, परीक्षेआधी सरांच्या कानात सांगून मोकळ्या होऊ शकल्या असत्या. त्या थांबल्या आणि माझ्या भावाला त्याचं बोलणं बोलू दिलं. एवढं आमच्यासाठी कुणीच केलं नव्हतं. त्यांचे आभार मानायला मी तोंड उघडलं, तर एरवी सगळ्या चाळीला पुरून उरणाऱ्या माझ्या तोंडातून शब्दच फुटेना.