देवीच्या पायाशी होती ती खूण

हे लिहायला बसले आणि दोनदा उठले. एकदा कुकर लावायला, एकदा उगीच. मुलाला ठाऊक नाही, सुनेला नाही. देवापुढेसुद्धा कधी तोंडाने बोलले नाही. तुम्हाला सांगते.

मी चौथी पास. अमेरिकेत, ॲन आर्बरला मुलाकडे राहते. सात वर्षांपूर्वी आमच्या तळघरातल्या खोलीत वैदेही राहायची — नागपूरची पोर, इथे जुन्या नाण्यांवर संशोधन करायला आलेली. तिचा जीव एका ग्रीक राजावर. मिनँडर. आपल्याकडे मिलिंद म्हणतात. ग्रीक असून काबूल-पंजाबात राज्य करून गेला. नाण्यावर शिरस्त्राण घातलेला असतो, म्हणून मी त्याला टोपीवाला म्हणायची. "आज काय म्हणतो तुझा टोपीवाला?" ती हसायची.

त्याने नेमकी किती वर्षं राज्य केलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. नाण्यांवरून ताडायचं. इथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकाकांकडे त्याचं एक चांदीचं नाणं होतं. मागच्या बाजूला देवी, आणि तिच्या पायाशी तिळाएवढी खूण. तशी खूण दुसऱ्या कुठल्या नाण्यावर नाही, वैदेही म्हणायची. तिचा सगळा प्रबंध त्या तिळावर उभा राहायचा होता. काकांनी नाणं विश्वासाने दिलं. चांगले फोटो दिवाळीनंतर काढायचे होते. तोवर डबी तिने माझ्याकडे दिली.

"बेसमेंटमध्ये ओल असते, आजी. तुमच्या कपाटात सेफ राहील."

सेफ!

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी देवाची चांदी घासायला काढली. निरांजन, तबक, लक्ष्मीचा रुपया. आणि — तीही डबी उघडली. राजा काळाकुट्ट. पूजेत असा ठेवतात का कुणी? आधी सोडा लावला. निघेना. मग तारेची घासणी घेतली.

लखलखीत झालं. राजाचं नाक गेलं. उलटून पाहिलं — तीळ नव्हता.

काय केलं ते मला तेव्हाच कळलं. चौथी पास असले तरी तेवढं कळतं. पुसलं, डबीत ठेवलं, कपाट लावलं.

शनिवारी काकांकडे फराळाला सगळे जमलो. त्यांनी नाणं चारचौघांना दाखवायला मागवलं होतं. वैदेहीने डबी न उघडताच नेली. उघडली ती तिथेच.

"ॲसिडमध्ये टाकलंस का गं?" काकांचा आवाज चढला.

"नाही काका, शपथ. मी क्लीन केलं नाही."

"मग काय, राजा स्वतःच अभ्यंगस्नान करून आला?"

लोक हसले. मी चकली हातात घेऊन उभी. गप्प राहिले असते, तर पाप निदान अर्धंच राहिलं असतं. पण मी बोलले. कुणी विचारलं होतं मला?

"परवा सिंकपाशी काहीतरी घासत होती खरी."

वैदेहीने माझ्याकडे पाहिलं. आजींच्या कपाटात होतं — एवढंच तिने म्हणायचं होतं. म्हणाली नाही. मान खाली घातली आणि काकांना सॉरी म्हणाली.

त्यानंतर कुणी तिला नाणं हातात दिलं नाही. प्रबंध अर्धा टाकून ती गेली. इकडेच शॉमबर्ग नावाच्या गावात कुठल्याशा ऑफिसात आहे, ऐकते. जाताना माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. दिला मी!

सुनेला काय वाटेल, लोक अडाणी म्हणतील, अशी भीती होती का? होती. म्हणून काय झालं? ती पोर परक्या मुलखात एकटी होती, आणि हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ढकललं तिच्यावर.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. काकूंनी ते नाणं मलाच आणून दिलं. "आता कोण घेणार हे? तुम्ही देवात ठेवा, मावशी." ठेवलंय. दिवाळीला सगळी चांदी घासते, त्याला हात लावत नाही. ते पुन्हा काळं पडलंय, पूर्वी होतं तसंच.

दर वेळी उलटून बघते. देवीच्या पायाशी काही नाही.