हौसाबाईंना शुद्ध कागद चालत नाही

सांगलीला जायचं ठरलं ते एका चिठ्ठीमुळे. वर्षभर खपून मी मुलांच्या संगोपनावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद केला होता. सांगलीच्या प्रकाशकांनी तो परत पाठवला. वर चिठ्ठी होती: "व्याकरणात चूक नाही. पण बाई, असं बोलतं कोण?" दोन दिवस मी धुसफुसत होते. ह्यांची मात्र करमणूक झाली. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारतात, "आपल्याकडून आम्हांस चहा देण्यात येईल काय?" तिसऱ्या दिवशी मी वळकटी बांधली. प्रकाशकांशी समोरासमोरच भांडायचं, आणि वाटेत रहिमतपूरला बालमैत्रीण अनसूयेकडे एक मुक्काम करायचा.

वाईहून साताऱ्याला जाणारी मोटार हल्ली कोळशाच्या गॅसवर चालते. पेट्रोल लढाईवर गेलं आहे. चढ आला की पुरुषमंडळी निमूट उतरून चालू लागतात. जाणार असाल तर पांढरं लुगडं नेसू नका. रेल्वेचं स्टेशन साताऱ्यापासून बरंच लांब आहे, हे नवख्याला कुणी सांगत नाही. टांगा आधी ठरवा आणि भाकरी बरोबर ठेवा. आगगाडीत रजेवरून परतणारे शिपाई खच्चून भरले होते. एकानं जागा दिली. "बसा मावशी. आमाला उभ्यानं झोपायची सवय हाय," म्हणाला, आणि खरंच झोपला.

रहिमतपूरला अनसूयेनं गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. हात धुतो न धुतो तोच शेजारच्या हौसाबाई आल्या. त्यांचा मुलगा शामराव पलटणीत, समुद्रापलीकडे. त्याला धाडायचे कागद, म्हणजे पत्रं, आजवर अनसूयेचे सासरे लिहून देत. आता मोतीबिंदूनं त्यांना दिसेनासं झालं होतं. आईला ताप आहे एवढंच शेवटच्या कागदात गेलं होतं, आणि नंतर दोन महिने काहीच नाही.

"तुमी लिवा बाई. पुस्तकं लिवता म्हनं तुमी."

मी खुशीत टाक उचलला. हौसाबाई बोलत गेल्या: "उतरला ताप. बरी हाय मी. व्याली आपली तांबडी, खोंड झालाय. भांडली मी तुझ्या चुलत्याशी बांधावरनं, लय भांडली. जेवतोस का न्हाई रं येळेवर?"

मी त्यातलं प्रत्येक वाक्य धरून सरळ बसवलं आणि ठसक्यात वाचून दाखवलं: "माझी प्रकृती आता पूर्ववत उत्तम आहे. आपल्या तांबड्या गाईस खोंड झाला आहे. बांधाच्या प्रश्नावरून काकांशी माझा किंचित वाद झाला..."

हौसाबाईंचा चेहरा उतरला. "ह्यो कागद नगा धाडू, बाई."

"का? काही राहिलं का?"

"समदं हाय. पर त्येला वाटंल, मेली आई."

अनसूयेनं खुलासा केला. इकडे लढाईवरच्या पोराला घरातलं मरण कळवत नाहीत. परमुलखात एकटा, रजा मिळायची नाही, रडायला कुणाचा खांदा नाही. मग तो परत येईपर्यंत घरातलं कुणीतरी गेलेल्या माणसाच्या नावानं खुशाली लिहीत राहतं. वरच्या आळीतल्या किसनाला आई गेल्याचं चार महिन्यांनी, उंबऱ्यात आल्यावर कळलं. तेव्हापासून पलटणीतली पोरं कागद आला की आई बोलते आहे का, ते आधी ऐकतात.

मी टाक खाली ठेवला. हौसाबाईच माझी समजूत घालू लागल्या. "आवं, लय ग्वाड लिवलंय तुमी. पर माजं त्वांड एवढं ग्वाड असतं, तर त्याचा बाप पलटनीत कशाला पळाला असता?"

ओट्यावर बसलेले सासरे खो खो हसले. "मी तिचं कधी सुधारलं नाही. धीरच झाला नाही."

तो कागद फाडून मी दुसरा घेतला. बोलतील तसं लिहायचं, एवढंच काम. पण इंग्रजीपेक्षा अवघड गेलं. हात सारखा शब्दांना ओढून जागेवर बसवू पाहत होता. शेवटी हौसाबाईंनी आपणहून भर घातली: "सदरा धुतोस का तसाच घालतोस म्हशीवानी?" तीही लिहिली. मग वाचून दाखवलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गाडी बदलून सांगली. खाणावळ साधी, ताट भरपूर, आमटी डोळ्यांत पाणी आणणारी. चालवणाऱ्या बाई मूळच्या कानडी. त्यांना विचारलं, "तुमच्यात ताप उतरला म्हणतात, की उतरला ताप?"

"नुसतं सांगायचं तर ताप आधी," त्या भात वाढता वाढता म्हणाल्या. "जीव भांड्यात पडला तर उतरला आधी. तुमच्यात निराळं असतंय व्हय?"

निराळं कुठलं? इंग्रजीत शब्दांना जागा नेमून दिलेल्या असतात. एखादा पुढे सरकला तरी सभेत भलताच माणूस उठून उभा राहावा तसं वाटतं. मी त्या नेमणुका मराठीत घेऊन आले होते, आणि वर टापटिपीचा मान मागत होते.

प्रकाशकांनी भांडणाच्या तयारीनं दोन कप चहा आधीच मागवून ठेवला होता. मी म्हटलं, "दोन महिने द्या. पुन्हा लिहिते." ते इतके गोंधळले की माझाही चहा त्यांनीच पिऊन टाकला.

वाईला परतून दीड महिना झाला. अनुवादाची पानं रोज मोठ्यानं वाचते, आणि निम्मी खोडते. ह्यांचं "देण्यात येईल काय" चालूच होतं. काल अनसूयेचं पत्र आलं. त्यात शामरावच्या उत्तराची नक्कल होती.

"आला कागद. वाचून हुईस्तवर घास उतरत नव्हता. वरडलीस, बरं वाटलं. अक्षर कुनाचं हाय म्हायत न्हाई, पर बोलनारी तूच. धुतो सदरा."

ह्यांनी ते दोनदा वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं.

"करतो चहा," म्हणाले, आणि उठले.