राखीच्या पायातली रुई

पुंजाजी धावत नाही. मलकापुरात आम्ही दोघं एकाच जिनिंगमध्ये होतो, तो रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर, मी गाठी बांधायच्या प्रेसवर. एकदा रुईच्या ढिगानं पेट घेतला तेव्हाही तो चालतच गेला आणि भरलेली बादली घेऊन सगळ्यांच्या आधी पोचला. तोच माणूस त्या सकाळी अनवाणी पळत माझ्या दारात आला.

"उत्तम, चाल बे. राखी लटकली."

राखी ही त्याची फिंच. चिमणीहून लहान, राखाडी अंग, नारिंगी चोच. त्याच्या मुलीनं, काजलनं, नर-मादीची जोडी पिंजऱ्यासकट आणून दिली होती. काम सुटल्यावर पुंजाजीला घरातली शांतता सोसेना. रेच्यांच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस. नर दिवसभर पिपाणीसारखा वाजायचा, तेव्हा कुठं याला जेवण जाऊ लागलं. आता राखीनं अंडी घातली होती. नर आणि ती पाळी लावून उबवायचे. पाळी बदलली की पुंजाजी मला हाक मारून सांगायचा.

घरट्यासाठी त्यानं जिनिंगमधून रुई आणली होती. लांब धाग्याची, सरकीचा कण नाही, हातानं पिंजलेली. मीच म्हटलं होतं, काम चोख आहे. कापसाच्या गावात घरटं दुसऱ्या कशाचं करणार? त्याच रुईचा पीळ तिच्या पायाला बसला होता. धागा लांब, म्हणून तुटलाही नाही.

सांगून तो तसाच परत पळाला. मी पोचलो तोवर त्यानं तिला कात्रीनं सोडवली होती. ओंजळीत होती. उजव्या पायाला, बोटांच्या जरा वर, पांढरे वेढे. त्यांच्या खालचा पाय सुजून जांभळा पडत होता.

"ओढून पाह्यलं?" मी विचारलं.

"ओढलं. अजून आवळलं."

शालूबाई, त्याची बायको, हळदीचा डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, त्या डॉक्टरीणबाईले फोन लावा. आपली गाय पाह्यली होती तिनं."

योगिनी डॉक्टर लसीकरणासाठी खेड्यावर होत्या. मी व्हिडिओ लावला. मागं बैल दिसत होते. त्यांनी पाय पाहिला आणि बोलणं एकदम भराभर झालं.

"काका, मी संध्याकाळशिवाय येऊ शकत नाही. तोवर पाय मरेल. तुम्हालाच काढावं लागेल. ओढायचं नाही. हळद लावायची नाही. आधी पाय कोमट पाण्यात भिजवा. मग सुई वेढ्याखाली सरकवा आणि ब्लेड सुईवर चालवा. कातडीवर नाही. कळलं?"

"कळलं," शालूबाई म्हणाली. मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा ओवायला तिला कोणी लागत नाही. तिनं सुई आणि नवं ब्लेड उकळत्या पाण्यातून काढलं.

"पक्षी कोण धरणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," पुंजाजी म्हणाला.

"मान दोन बोटांच्या मधे, अंग तळव्यात. छाती दाबायची नाही. छाती हलली नाही तर तिला श्वास घेता येत नाही."

हे त्याला अवघड होतं. रेच्यावर हात नेहमी जोरातच टाकावा लागतो. इथं पकड हवी, दाब नको. त्यानं मूठ केली आणि हात थरथरला.

"तुमचा हात असा हालला तं मी पायच कापीन," शालूबाई म्हणाली.

पुंजाजीनं इकडंतिकडं पाहिलं. सरकीचं पोतं ओढलं, त्यावर कोपर रोवलं, मनगट गुडघ्याला टेकवलं. हात थांबला. काम येणारा माणूस आधी टेका शोधतो.

मी फोन धरला.

"सरळ धर बे," पुंजाजी म्हणाला. "त्याहिले पंखा दिसून राह्यला."

शालूबाईनं पाय कोमट पाण्यात भिजवला. पहिला वेढा वरचा होता. सुई गेली, ब्लेड फिरलं, धागा सुटला. दुसरा जरा आत. तोही सुटला. तिसरा दिसेचना. कातडी त्याच्यावर फुगली होती. सुई लावली तशी रक्ताचा ठिपका आला आणि राखीनं चोच उघडली. मिटेना. छाती भराभर उडत होती.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "खोक्यात ठेवा, अंधार करा. खाली फडकं, बाजूला गरम पाण्याची बाटली."

"एकच राह्यला," पुंजाजी म्हणाला.

"काका, पाय सुटेल आणि पक्षी जाईल. थांबा."

"थांबा म्हनतात तं थांबा न," शालूबाईनं खोकं पुढं केलं. "जिनिंगमधी मुकादमाचं आयकत होते, इथं काऊन नाही?"

त्यानं राखीला खोक्यात ठेवलं. बसला मात्र नाही. नर दाणे खायला उतरला तेवढ्यात पिंजऱ्यात हात घातला आणि अंड्यांना धक्का न लावता घरट्यातली रुई चिमटीचिमटीनं काढली. शालूबाईनं वाळलेलं गवत बोटभर कापून दिलं. लांब काडी एकही नाही. नर परत आला, गवत पाहिलं, मान वाकडी केली आणि अंड्यांवर बसला. आम्ही तिघं एकमेकांकडं पाहून हसलो.

मग खोकं उघडलं. राखीची चोच मिटलेली होती. पुन्हा पोतं, पुन्हा कोपर. यावेळी शालूबाईनं पाय जास्त भिजवला. सुई कातडीलगत आडवी धरली आणि नखाएवढं अंतर जायला जितका वेळ घ्यायचा तितका घेतला. ब्लेडचा बारीक आवाज झाला. केसाएवढा ओला धागा तिच्या बोटाला चिकटून आला.

"निघाला," ती म्हणाली.

फोनमधून डॉक्टर म्हणाल्या, "आता तिच्या पंजाखाली काहीतरी द्या. धरते का बघा."

पुंजाजीनं दुसऱ्या हाताची करंगळी पुढं केली. पंजा तिच्यावर नुसता पडून राहिला. जांभळा रंग हळूहळू गुलाबीकडं सरकत होता, हे मला दिसत होतं, पण मी सांगायला धजलो नाही. नर पिंजऱ्यातून पिपाणी वाजवत होता. राखीनं मान त्याच्याकडं वळवली.

आणि पुंजाजीचा चेहरा बदलला.

"धरलं?" शालूबाईनं विचारलं.

त्यानं करंगळी जराशी वर उचलली. राखीची तीन बोटं तिच्याभोवती वळली होती. चौथं अजून सैल होतं.

"जोर हाय बे," तो मला म्हणाला. "ओढून पाहून राह्यली."