निखाऱ्यावरची तुरटी

दाढी झाली की मी अजूनही तुरटी धुतो, फडक्यानं टिपतो आणि खिडकीत उन्हाला ठेवतो. गालावर तिचा गारवा पसरला, की अहेरीचं आमचं मातीचं घर आणि सागाच्या पानांतून अंगणात झिरपणारं हिरवट ऊन डोळ्यांपुढे तरंगायला लागतं.

ही सवय वहिनीची, थोरल्या भावाच्या बायकोची. तुरटी पाण्यात पडलेली दिसली की ती ओरडायची, "भाऊजी, ओली काऊन ठेवता? विरघळून जाईन ना!" मग स्वतःच पुसून कोनाड्यात ठेवायची. तिला मूल नव्हतं. आमचं बाळ दिवसभर तिच्याच कडेवर असायचं.

एका संध्याकाळी बाळ रडायचं थांबेना. आईनं तीच तुरटी त्याच्यावरून ओवाळली आणि निखाऱ्यांवर टाकली. ज्याची दृष्ट लागली त्याचा चेहरा तुरटीत उमटतो, असं आमच्याकडे मानतात. तुरटी तडतडली, पांढरी होत ढगासारखी हळूहळू फुगत गेली. आई म्हणाली, "हे तं आपली मोठी सूनच दिसून राह्यली!"

वहिनी हसली. "भाऊजी, मी एवढी फुगेल आहो का?"

नुसतं "नाई" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी निखाऱ्यांवर वाकलो. तिनं बाळाला अलगद माझ्या बायकोच्या हाती दिलं आणि पुन्हा कधी उचललं नाही.

आज सांगून टाकतो. त्या फेसात मला कोणाचाच चेहरा दिसला नव्हता. पण मी वाकून तिचा शोधत होतो, आणि ते वहिनीनं पाहिलं होतं.