जावई गादीवर येतो

इंग्लंडच्या एका राजाला त्याच्याच जावयानं गादीवरून उठवलं, हे मी वर्गात शिकवते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही जागी होतात. राजा कॅथलिक, संसद प्रोटेस्टंट. राजा संसदेला जुमानेना, तेव्हा तिथल्या बड्या मंडळींनी हॉलंडहून जावयाला फौजेसह बोलावलं. सासरेबुवा पळाले आणि लेक-जावई सिंहासनावर बसले.

यंदाच्या स्नेहसंमेलनात आम्ही प्राध्यापकांनी यावरच नाटक बसवलं. लिहिलं मी, राणीही मीच. जावयाच्या कामाला उंच माणूस मिळेना म्हणून माझ्या नवऱ्यालाच पकडून आणलं. तालमी रंगात आल्या आणि राजा झालेले सर डेंग्यूनं आडवे पडले. मी तडक उस्मानपुऱ्यात बाबांकडे गेले.

बाबांनी तरुणपणी हौशी नाटकांतून ढीगभर राजे केलेत. पण आमचं घर भिक्षुकांचं, नवऱ्याचं बौद्ध. लग्न झाल्यापासून बाबांनी त्याला एकदाही "बसा" म्हटलं नव्हतं. नवरा मला दारात सोडायचा आणि तिथूनच गाडी वळवायचा. मला बाबांचा मनस्वी राग यायचा. संहिता वाचून ते म्हणाले, "एका प्रवेशात नाही ना आम्ही दोघं?"

नव्हते. राजा पळून गेल्यावरच जावई येतो.

प्रयोगात बाबांच्या स्वगताला टाळ्या पडल्या आणि तिथंच घोळ झाला. टाळ्या ऐकल्या की बाबा कुणाचे नसतात. पळायचं सोडून ते पदरची वाक्यं घालत सिंहासनावरच बसून राहिले. इकडे ढोल वाजला आणि नवरा तलवार उपसून आत शिरला.

मग बाबा उठले, शेल्यानं बैठक झटकली आणि म्हणाले, "या जावईबापू, बसा."

सभागृह हसून लोळलं. "अगं, पाणी आण त्यांना," बाबांनी विंगेकडे बघून फर्मावलं. इंग्लंडची राणी प्लास्टिकची बाटली घेऊन धावली. नवऱ्याला एकही संवाद आठवेना. "नाय, तुम्ही बसा आधी," एवढंच तो म्हणाला. शेवटी पडदा पाडला. इतिहासाचं वाटोळं केलंत, असं प्राचार्य म्हणाले. मला त्याचं काही वाटलं नाही.

बाबा वेळ मारून नेण्यात पटाईत. ते खरंच बोलले की नाटकातलं, हे मला कळेना आणि विचारायचा धीर होईना. रंगपटात त्यांनी मुकुट खोक्यात ठेवला, चष्मा चढवला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभे राहिले.

"जावईबापू, छावणी भागात एका ठिकाणी चहा लई झकास मिळतो. येता?"

दोघं रंगलेल्या तोंडांनीच स्कूटरवर बसून गेले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. राणीचा घोळदार झगा सावरत मी रिक्षाला हात करत होते, आणि रिक्षावाला विचारत होता, "मॅडम, रडताय की हसताय?"